पंख्याखालच्या खुर्चीतून

बुधवार, १८ सप्टेंबर २०२४. काल विसर्जन झालं, आज रस्ता गप्प. सकाळी ऊन, चारला दहा मिनिटं भुरभुर. गच्चीवरच्या टाकीला झाकण बसवून घेतलं. सोमनाथने दवाखान्याचा रबरी चेंडू पुन्हा फेकला, या वेळी थेट रस्त्यापलीकडे. योगिनी दुपारपासून त्याच्याशी बोलत नाही. हात दसऱ्यापर्यंत सुधारला नाही तर दुकान आवरून निफाडला भावाकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. चहा पावडर पाव किलोच आणली. दसऱ्यानंतर एकटीला पुरेल.

एवढं लिहून चंद्रभागाबाई बोरस्ते यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटून तिच्यावर चष्मा ठेवला. ही त्यांची बासष्टावी वही. बाकीच्या एकसष्ट आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात वर्षवार उभ्या होत्या.

अकराव्या वर्षी त्या निफाडजवळच्या खेड्यातून नाशिकच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात आल्या, तेव्हा अंगावर परकर-पोलकं होतं आणि इंग्रजीत येस आणि नो एवढंच येत होतं. तिथल्या सिस्टर बेनेडिक्टा संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मुलींना पंधरा मिनिटं वही लिहायला बसवत. नियम दोनच. पाहिलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. आणि चुकलं तर खोडरबर चालवायचा नाही; चुकीवर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं आणि तारीख टाकायची. बाकीच्या मुलींनी बोर्डिंग सुटताच वहीला रामराम ठोकला. चंद्रभागेने नाही. पुढे लग्न झालं ते मल्हाररावांशी. ते ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते, आणि त्यांच्या खात्यातही खाडाखोड चालत नसे, एक रेघ, वर सही. नवराबायकोचं पहिल्या आठवड्यात जमलं ते या एका रेघेवर. मल्हारराव जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

दिंडोरी रोडवरच्या त्या गल्लीत चंद्रभागाबाईंच्या वहीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. समोरच्या सखुबाईंच्या नातवाची जन्मवेळ पत्रिकेसाठी हवी होती आणि दवाखान्याचा कागद उंदरांनी खाल्ला होता. वहीत सापडलं: ‘सखुबाई साखरेची वाटी घेऊन आल्या, सहा पंचवीस. नातू झाला. साडेपाचला म्हणाल्या.’ त्या वेळेवर पत्रिका झाली, पत्रिकेवर लग्न झालं आणि नातसून चांगली निघाली. तेव्हापासून गल्लीत कुठलाही वाद ‘काकूंच्या वहीत बघा’ या तीन शब्दांवर मिटायचा.

आता सोमनाथ. सोमनाथ जेजुरकर चंद्रभागाबाईंच्या घराच्या पुढच्या गाळ्यात १९९१ साली आला. तेव्हा वय वीस, केस खांद्यापर्यंत. कॉलेजचं नाव सांगायचा, पण कॉलेजात कुणाला दिसायचा नाही. त्याने गाळ्यात व्हिडिओ गेमची पाच मशीनं लावली. चार उभी आणि एक मेजासारखं. काही वर्षांनी गेमची हवा गेली, त्या जागी एसटीडी आलं; ते गेलं, झेरॉक्स आलं; झेरॉक्सच्या जोडीला बाइंडिंग आलं, आणि लग्न होऊन योगिनीही आली. गाळ्यामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. चार मशीनं भंगारात गेली, पण मेजाचं राहिलं, कारण त्याच्यावर कागदाचे गठ्ठे छान मावायचे.

त्या मेजातला गेम विमानाचा होता. काचेखाली आडवा टीव्ही. खेळणारा एका अंगाला बसायचा. डाव्या हाताला दांडी, उजव्या हाताला बटणं. चंदेरी रंगाचं एक इवलंसं विमान समुद्रावरून निघायचं, आणि शत्रूची विमानं झुंडीझुंडीने अंगावर यायची. त्यांना पाडायचं, नाहीतर चुकवायचं. अगदीच कोंडी झाली तर बटण दाबून हवेतच कोलांटी मारायची. टप्पा पार पडला की विमान जहाजाच्या डेकवर उतरायचं. असे चोवीस टप्पे. मल्हारराव कारखान्यातून आले की पाठीमागे उभं राहून बघत आणि मान हलवत. “चोवीस टप्पे उडतंय, एकदा तरी कुणी खाली वाकून बघितलं का चाकांकडे? मी याला सही दिली नसती.”

दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा सोमनाथ स्वतः खेळत बसायचा. चंद्रभागाबाई चहा घेऊन खाली येत आणि मेजाच्या पलीकडच्या अंगाला, पंख्याखालच्या खुर्चीत बसत. काचेतलं सगळं त्यांना उलटं दिसायचं, आकडे डोक्यावर उभे. पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. तिसऱ्या दुपारी त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. सोमनाथला प्रत्येक झुंड नवी वाटत होती, पण झुंडी तर दर वेळी त्याच क्रमाने येत होत्या. एसटीच्या वेळापत्रकासारख्या, खरं तर एसटीपेक्षा जास्त वेळेवर. चौथ्या दुपारी त्या वही घेऊनच आल्या. ‘टप्पा पहिला. हिरवी पाच, मधून. लाल सात, डावीकडून. मोठं एक, मागून, सावकाश.’ महिन्याभरात एकेचाळीस पानं भरली. सतराव्या टप्प्याशी नोंद थांबली, कारण सोमनाथ तिथे हटकून पडायचा.

त्यांनी वही त्याच्यापुढे धरली तेव्हा तो खो खो हसला होता. “काकू, गेम हाताने खेळतात, वहीने नाही!”

त्याने ती पानं कधी उघडली नाहीत. त्याला गरज नव्हती. हातच तसे होते त्याचे.

त्या दोनांपैकी एक हात या जूनमध्ये गेला. दुकानात कागद मोजता मोजता डावा हात टेबलावरून घसरला आणि वर येईना. दवाखान्यात आठ दिवस राहून सोमनाथ घरी आला. चालणं ठीक होतं, बोलणं ठीक होतं. डावा हात मात्र घरी आलेल्या पाहुण्यासारखा मांडीवर बसून असायचा. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायचा व्यायाम सांगितला आणि जाता जाता एक वाक्य जोडलं, की अशा दुखण्यात डाव्या बाजूचं भान कमी होतं, डावं-उजवं गडबडू शकतं. ते वाक्य सोमनाथच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. स्पायरल बाइंडिंगला दोन हात लागतात. डाव्याने कागद घट्ट धरायचे, उजव्याने तार फिरवत न्यायची. कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट परत जाऊ लागले. योगिनी झेरॉक्स सांभाळायची, पण बाइंडिंगवरच दुकान चालायचं.

“निफाडला काय करशील?” चंद्रभागाबाईंनी विचारलं होतं.

“भावाच्या द्राक्षबागेत पक्षी हाकलीन. त्याला एकच हात लागतो.”

गुरुवारी सकाळी चंद्रभागाबाई झेरॉक्स काढायला खाली उतरल्या. सोमनाथ त्या मेजाशी, कागदाच्या गठ्ठ्यांआड, रस्त्याकडे बघत बसला होता. त्याचा डावा हात मेजाच्या कडेला लोंबत होता आणि बोटं जुन्या दांडीवर टेकली होती. रस्त्यावरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला, आणि बोटं हलली. दांडी उजवीकडे झुकली, एवढीशी. सोमनाथचं लक्षही नव्हतं.

चंद्रभागाबाई झेरॉक्स न काढताच वर गेल्या आणि त्यांनी सहादूला फोन लावला.

सहादू म्हणजे एकेकाळी नाशिकपासून मालेगावपर्यंतच्या गेम पार्लरांचा डॉक्टर. आता पंचवटीत मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. शनिवारी येऊन त्याने मेजाचं पोट उघडलं, फुंकर मारली, धुळीने शिंकला.

“बाई, लय जुनं हाय. पण मेलं नाय. नुसतं झोपलंय.”

“दांडी सैल आहे का?”

“दांडीचा रबर गेलाय. तसा आता मिळायचा नाय कुठं. मालेगावच्या यंत्रमागाचा रबर घालतो. मागात तो दिवसाला हजारो हिसके खातो, तुमचा सोमनाथ त्याला काय हिसकणार!”

“सहादूभाऊ, हळू बोला,” योगिनी म्हणाली. “हिसकायला हात तरी वर येऊ दे.”

अर्ध्या मिनिटाने काच उजळली. समुद्र निळा आला, कडेला थोडा हिरवट, पण आला. चंदेरी विमान उभं राहिलं.

सोमनाथने तोंड फिरवलं. “काकू, हा चेंडूचाच प्रकार आहे. मला कळतं.”

“चेंडू नाही,” चंद्रभागाबाई पंख्याखालच्या खुर्चीत बसत म्हणाल्या. त्यांनी १९९२ ची वही मांडीवर उघडली. “माझी नोंद अर्धवट राहिली आहे. सतराव्या टप्प्यापुढे काय येतं ते मला लिहायचंय.”

“आणि हा हात?”

“हाताने घाई करायची नाही. कुठून काय येणार ते मी आधीच सांगते. तू फक्त सरकायचं. गोळ्या झाडायला उजवा हात आहेच की.”

त्याला नाही म्हणता आलं नाही. तीस वर्षं भाडं घेताना जिने कधी पावती विसरली नाही, तिला अर्धवट नोंद किती टोचत असेल हे त्याला ठाऊक होतं.

मग रोज दुपारी दोनला, दुकान रिकामं असताना, दहा हाका. त्याहून जास्त नाही. “लाल सात, डावीकडून! उजवीकडे सरक!” योगिनी काउंटरवर पाठमोरी आधार कार्डांच्या झेरॉक्स काढायची आणि मशीनच्या आवाजावर ओरडायची, “पडलं?”

“पडलं.”

पडायचंच. पहिल्या दिवशी दहातून सहा वेळा हात हललाच नाही. चार वेळा हलला, पण उलट गेला.

“उजवीकडे म्हणाले रे मी.”

“उजवीकडेच गेलो, काकू.”

“नाही, सोमनाथ. डावीकडे गेलास. मी बघतेय ना.”

सोमनाथने आपल्या हाताकडे बघितलं, मग काचेकडे. “आणि मला ती विमानं उजवीकडून येताना दिसली.”

“डावीकडून आली.” चंद्रभागाबाईंनी वही त्याच्याकडे वळवली. “हे बघ. तेव्हाही डावीकडूनच आली होती.”

दोघांना एकाच वेळी डॉक्टरांचं वाक्य आठवलं. वही चुकणं शक्य नव्हतं. काकू चुकणं तर त्याहून नाही. राहता राहिलं सोमनाथचं डोकं.

चंद्रभागाबाईंनी हार मानली नाही. त्यांनी नव्या वहीत तीन रकाने पाडले: ‘हलला नाही’, ‘बरोबर गेला’, ‘उलट गेला’. दुसऱ्या दिवशी उलट पाच. आठवड्याने उलट सात. मधला रकाना कोराच्या कोरा. पितृपक्ष सरला, घट बसले, रस्त्यावरून वणीच्या गडाकडे पायी जाणारे दिसू लागले, आणि शुक्रवारी, चार ऑक्टोबरला, दहाच्या दहा वेळा सोमनाथ उलट गेला.

तो दांडी सोडून उठला. चिडला नाही, चेंडू फेकला त्या दिवसासारखा ओरडलाही नाही, आणि चंद्रभागाबाईंना तेच जास्त लागलं.

“राहू द्या, काकू. हात एक वेळ सुधारेल. पण डोकंच उलटं झालं असेल तर त्याला कुठला चेंडू आणायचा? उद्या मोटरसायकलवर बसून डावीकडे वळायचं म्हणून उजवीकडे वळलो तर कुणाला तरी घेऊन जाईन.” तो आत गेला. त्या संध्याकाळी योगिनीने माळ्यावरून दोन रिकामी खोकी काढली आणि त्यांत चिकटपट्टीची रिळं भरायला लागली.

शनिवारी दुपारी दोनला चंद्रभागाबाई सवयीने खाली आल्या. सोमनाथ आला नव्हता. योगिनी भाजी आणायला गेली होती. पंख्याखालच्या खुर्चीवर कुणाच्या तरी प्रबंधाचा हा एवढा गठ्ठा रचलेला, तो हलवायला त्यांच्या कंबरेची परवानगी नव्हती. म्हणून त्या सोमनाथच्या स्टुलावर बसल्या. तीस वर्षांत पहिल्यांदाच. काच पुसली. मग, इकडे तिकडे बघून, एक टोकन टाकलं.

बत्तीस मिनिटांपूर्वी जेवलेल्या, बहात्तर वर्षांच्या बाईने त्या दुपारी शत्रूवर चाल केली. भीती अशी त्यांना नव्हतीच. एकेचाळीस पानं तोंडपाठ होती. हिरवी पाच, मधून: आली, चुकवली. आता लाल सात, डावीकडून. त्या ऐटीत उजवीकडे सरकल्या, आणि लाल सात उजवीकडून आली आणि त्यांच्या विमानाचा धूर झाला.

“मशीन बिघडलंय,” त्या मोठ्याने म्हणाल्या.

दुसरं विमान. लाल सात. उजवीकडून. धूर. तिसरं विमान. या वेळी त्यांनी चष्मा पुसून घेतला. धूर.

चंद्रभागाबाई उठल्या. मेजाला वळसा घालून पंख्याखाली आल्या आणि प्रबंधाच्या गठ्ठ्यावर हात टेकून काचेत बघितलं. थोड्या वेळाने मशीन कुणी खेळत नाही असं पाहून आपलंच आपण खेळून दाखवतं, तसं ते दाखवत होतं. हिरवी पाच. लाल सात. डावीकडून.

त्या परत स्टुलाकडे गेल्या. उजवीकडून.

पंख्याखाली. डावीकडून.

तीन फेऱ्या झाल्यावर त्या मध्येच थांबल्या आणि त्यांचे कान तापले. आकडे डोक्यावर उभे दिसतात हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. आकडे उलटतात तर दिशाही उलटतात, हे मात्र एकदाही सुचलं नव्हतं. सिस्टर बेनेडिक्टांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीला! सोमनाथ दोन आठवडे बरोबर बघत होता. विमानं उजवीकडूनच येत होती. आणि वही, बिचारी, तीही खोटं बोलत नव्हती. फक्त ती पंख्याखाली बसली होती.

वर जाऊन त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. काहीतरी अंधुक आठवत होतं. १९७५ च्या वहीत, जुलैमध्ये, ते मिळालं: ‘हे म्हणाले, विमानाचं डावं म्हणजे वैमानिकाचं डावं. तपासणारा समोर उभा असला तरी त्याने वैमानिकाच्या खुर्चीतूनच लिहायचं. नवा मुलगा चुकला. त्याला दिवसभर पंख मोजायला लावलं.’

“तुम्ही सांगितलंच होतं,” चंद्रभागाबाई भिंतीवरच्या मल्हाररावांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या. “आणि मी लिहूनही घेतलं होतं. घ्या.”

आता करायचं काय? एक सोपी वाट होती, आणि ती त्यांना स्वच्छ दिसत होती. सोमवारपासून गपचूप बरोबर हाका द्यायच्या. विमान वाचायला लागलं की म्हणायचं, बघ, सुधारलास. सोमनाथ खूश, योगिनी खूश, वहीची अब्रू शाबूत. सखुबाईंच्या नातवाच्या पत्रिकेकडेही कुणी संशयाने बघणार नाही. त्या संध्याकाळी पेनाचं टोपण बराच वेळ निघालं नाही. पण ही वाट म्हणजे खोडरबर होता. आणि शिवाय सोमनाथला कधीच कळलं नसतं की त्याच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं.

रविवारी सकाळी देवीची माळ बदलून त्या लाल पेन घेऊन बसल्या. ‘डावीकडून’वर एक रेघ, वर ‘उजवीकडून’, बाजूला तारीख. एकेचाळीस पानं. दुपारचं जेवण तीनला झालं. आणि मग, नव्या वहीतले तीन रकाने समोर आले तेव्हा, त्यांच्या हातातला पेन थांबला. त्यांनी ते आकडे एकदा वाचले, परत वाचले, आणि खुर्चीत बसल्या बसल्या एकट्याच हसायला लागल्या.

सोमवारी दोनला त्यांनी दोघांनाही दुकानात बसवलं. शटर अर्धं खाली ओढलं. योगिनीचा चेहरा पडला. शटर पाडून बोलायचं म्हणजे भाडेकरूशी निरोपाचं बोलणं, असं तिला वाटलं.

“सोमनाथ, योगिनी,” चंद्रभागाबाई उभ्यानेच म्हणाल्या, “माझी वही चुकली आहे.”

“काय?” योगिनी म्हणाली. गल्लीतली पाण्याची टाकी उडून गेली म्हटलं असतं तर ती इतकी दचकली नसती.

“तीस वर्षं चुकली आहे. मी पंख्याखाली बसून लिहिलं. माझं डावं ते तुझं उजवं. विमानं उजवीकडूनच येतात, सोमनाथ. तू बघत होतास तेच खरं होतं.”

त्याने मेजाच्या या टोकाकडे बघितलं, त्या टोकाकडे बघितलं. उजव्या हाताचं बोट हवेत धरून या बाजूने त्या बाजूला फिरवलं. मग हळूच म्हणाला, “म्हणजे माझं डोकं ठीक आहे?”

“डोकं ठीक आहे. माझं तपासून घ्यावं लागेल.”

योगिनीने तोंडाला पदर लावला, पण हसू पदराला दाद देईना. “अगं आई गं! दोन आठवडे! दोघं समोरासमोर बसून! आणि मी इथे दोन फुटांवर उभी, एकदा वळून बघितलं असतं तर—”

“थांब, हसू नकोस. पुढे ऐक.” चंद्रभागाबाईंनी नवी वही उघडली. “सोमनाथ, मी उजवीकडे सरक म्हणाले तेव्हा तू कुठे गेलास?”

“उजवीकडे. मी सांगतच होतो.”

“म्हणजे मी सांगितलं तिथे. मी ‘उलट गेला’ म्हणून जे जे लिहिलं, ते ते तू बरोबर गेलास. आता बघ. पहिल्या दिवशी हात सहा वेळा हललाच नाही. चार वेळा सांगितलं तिथे गेला. आठवड्याने सात वेळा गेला. शुक्रवारी दहातून दहा.” त्यांनी वही त्याच्या मांडीवर ठेवली. “शुक्रवारी तुझ्या हाताने दहाच्या दहा हाका ऐकल्या, अरे. म्हणून तर विमान दहा वेळा पडलं.”

सोमनाथ रकान्यांवरून बोट फिरवत राहिला. चार. पाच. सात. दहा. आपला हात दिवसेंदिवस बिघडतोय म्हणून जे आकडे तो झोपेतही मोजत होता, तेच हे आकडे. थोड्या वेळाने योगिनीच्या ध्यानात आलं की तो वही डाव्या हाताने धरून बसलाय. तिने काकूंना डोळ्यांनी खूण केली. काकूंनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

“टोकन टाका,” सोमनाथ म्हणाला.

“टाकते. पण आज मी इकडे तुझ्या मागे उभी राहणार. पंख्याचं वारं गेलं खड्ड्यात.”

हिरवी पाच. “लाल सात, उजवीकडून! डावीकडे!” हात जरा उशिरा निघाला, मालेगावचा रबर करकरला, आणि लाल सात विमानं चंदेरी पंखाला न लागता खाली निघून गेली. योगिनीने टाळ्या वाजवल्या. एक गिऱ्हाईक शटरखालून वाकून “झेरॉक्स?” म्हणालं, तिने त्याला “नंतर!” म्हणून पिटाळलं. पहिला टप्पा पार पडला, विमान जहाजावर उतरलं. दुसरा. तिसऱ्यात दोन विमानं गेली, एक उरलं. सहाव्यात सोमनाथ काकूंच्या हाकेआधीच सरकला आणि वाचला.

“अरे, आधी हाक तरी येऊ दे!”

“तुमचं वेळापत्रक मला पाठ व्हायला लागलंय, काकू. ब्याण्णव साली वाचलं असतं तर चोविसावा टप्पा केला असता.”

“मला तेव्हा हसला होतास.”

“आणि बरं झालं हसलो. तेव्हा वाचलं असतं तर पहिल्याच टप्प्यात मेलो असतो!”

नवव्या टप्प्यात तो पडला. खूप होतं. कपाळावर घाम होता. योगिनी काउंटरवरून एक प्रोजेक्ट घेऊन आली, भोकं पाडलेला, शुक्रवारी परत न्यायला सांगितलेला.

“हा धर जरा,” ती म्हणाली, जणू चार महिन्यांपूर्वीची कुठलीही दुपार असावी.

त्याने धरला. पहिल्यांदा वरचे चार कागद निसटले. तिने उचलून परत ठेवले. त्याने डाव्या हाताचा अंगठा दाबला, उजव्याने तार भोकात घातली आणि फिरवायला सुरुवात केली. तार कुठे जाते ते चंद्रभागाबाई बघत होत्या, पण एकही हाक त्यांनी दिली नाही. शेवटच्या भोकातून टोक बाहेर आलं तेव्हा चहाला उशीर झाला होता.

“निफाडला फोन कर,” योगिनी म्हणाली.

त्याने केला. “हां दादा. हो, येतोय ना दसऱ्याला, सोनं द्यायला. ... नाही, सामान नाही आणत. संध्याकाळी परत यायचं आहे. ... अरे इकडे नवव्या टप्प्यावर आहे मी, काकूंना सतरावा बघायचाय. ... नाही रे, डोकं ठीक आहे माझं. लेखी आहे.”

खोक्यांतली चिकटपट्टीची रिळं परत फळीवर चढली. चंद्रभागाबाईंनी अर्धं शटर वर केलं आणि दुकानाच्या दुकानात तीन कप चहा केला. मग पिशवी घेऊन त्या कोपऱ्यावर गेल्या, आणि संध्याकाळी, चष्मा पुसून, टोपण काढून, लिहिलं:

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४. निरभ्र. १९९२ ची नोंद काल दुरुस्त केली, पाने ४१. कारण: चुकीच्या खुर्चीतून लिहिली. सोमनाथ नववा टप्पा. एक प्रोजेक्ट बांधला, कागद चार वेळा... इथे त्यांनी ‘चार वेळा’वर रेघ मारून वर ‘चार’ लिहिलं आणि तारीख टाकली. कागद चार निसटले, एकदाच. सखुबाईंनी नातवाच्या जन्मवेळेबद्दल विचारलं, खात्री आहे का म्हणून, आहे म्हटलं. चहा पावडर अर्धा किलो आणली.